ऐपत थोडी, आपत्ती मोठी



ऋतू वसंताचा आणि व्याख्यानाचा विषय पुराचा, हे कसे काय, असे संयोजकांपैकी एका स्नेह्यांनी आम्हांला हसत हसत विचारले. संगम माहुलीला जाऊन पाहिले तर आज कृष्णा गुडघाभरही नाही. मुले पात्रातून पलीकडे चालत जातात. अशा वेळी पुराची आठवण कशाला? आमचे उत्तर असे की, तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपण सारेच म्हणतो, पण आपत्तीतल्या मदतीच्या बाबतीत नेमके तेच करतो. पाणी चढले की धावतो, हाताला लागेल ते देतो, आणि पाणी उतरले की विसरतो. म्हणून नदी कोरडी असतानाच या गोष्टीचा शांतपणे विचार करावा, असे आमच्या मनाने घेतले.

आजचे बोलणे श्रीमंतांसाठी नाही. ज्याला लाखाचा धनादेश फाडता येतो, त्याने तो फाडावा. त्याला व्याख्यानाची गरज नाही. आम्हांला बोलायचे आहे ते महिन्याच्या वीस तारखेला ज्याचे पाकीट हलके होते, अशा माणसाशी. म्हणजे आमच्याच जातीच्या माणसाशी. मदतफेरी दारावर येते. शेजारच्या बंगल्यातून पाच हजारांची पावती फाटलेली असते. आपण आत जातो, डब्यात चाचपतो, पन्नासाची नोट हाती येते. ती देताना जीव कानकोंडा होतो. कोणी तोंड लपवून देतो, कोणी 'साहेब घरी नाहीत' असे मुलाकडून सांगवतो. हा दुसरा माणूस कृपण नसतो. त्याला थोडे देण्याची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी तो काहीच देत नाही. समाजाचे खरे नुकसान या लाजेने होते, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी ते एकाच घरातले भाऊ आहेत. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा आजच्या सांगलीचे नाव 'दक्षिण सातारा' असे होते. सांगली जिल्हा हे नाव १९६० साली आले. कागदावर वाटणी झाली, पण नदीची वाटणी कोण करणार? महाबळेश्वरी उगवलेली कृष्णा वाईवरून येते, माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला पोटाशी धरते आणि मग सांगलीला जाते. तेव्हा आपल्या डोंगरात जो पाऊस पडतो, तोच दोन दिवसांनी सांगलीकरांच्या उंबऱ्याशी उभा राहतो.

२०१९ च्या ऑगस्टात हेच झाले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांपर्यंत गेले. २००५ च्या महापुराच्या खुणा भिंतींवर रंगवून ठेवलेल्या होत्या, त्या खुणाही पाण्याखाली गेल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आपल्या माण तालुक्यात चारा-छावण्या लागल्या होत्या आणि माणसे जनावरांपाशी राहत होती. म्हणजे एका अंगाला पाण्यावाचून हाल आणि दुसऱ्या अंगाला पाण्याने हाल, तेही एकाच वर्षात. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर घरांवर आले. आणि आपल्यातील वडीलधाऱ्यांना ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आठवत असेल, जेव्हा कोयनानगरची भूमी हादरली आणि दीडशेहून अधिक माणसे झोपेतच गेली. तात्पर्य, आपल्याला आपत्ती परकी नाही. आज जो देणारा आहे तो उद्या घेणारा असू शकतो. ही गोष्ट ज्याच्या मनात पक्की बसली, त्याच्या हातून दान कसे होईल, याचा विचार करू.

येथे आम्हांला आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. २०१९ चा पूर आला तेव्हा आमच्या गल्लीतील अठरा बिऱ्हाडांनी कपडे गोळा करायचे ठरवले. उत्साह काय वर्णावा! दोन दिवसांत आमच्या ओसरीवर गाठोड्यांची रास पडली. आम्ही निवृत्त शिक्षक, म्हणून यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. पण गाठोडी सोडून पाहण्याचे कोणाला सुचले नाही. ऑगस्टअखेरीस, पाणी ओसरून रस्ते मोकळे झाल्यावर, एक टेंपो भरून आम्ही चौघे पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावी गेलो. गावात शिरताच कुजलेल्या उसाचा आणि गाळाचा वास आला. घराघरांत मांडीभर चिखल. एका बाईंच्या दारात आम्ही मोठ्या प्रेमाने गाठोडे सोडले. त्यातून काय निघावे? एक जरीचा फाटका परकर, एक बटणे नसलेला कोट आणि कोणाच्या तरी लग्नातला फेटा! बाईंनी ते पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि रागावल्या मुळीच नाहीत. त्या म्हणाल्या, "गुरुजी, कापडं लई आल्यात बगा. ठेवायला बी जागा न्हाई. पन ह्यो चिखूल काय कापडानं निघायचा व्हय? येक खोरं आनि दोन घमेली आनली असती तर बरं झालं असतं."

आम्ही तेथल्या तेथे वरमलो. देवळाच्या पारावर अशाच गाठोड्यांचा ढीग पावसात भिजत पडला होता. आम्ही त्या ढिगात आणखी भर घालायला शंभर-सव्वाशे किलोमीटर आलो होतो. टेंपोच्या डिझेलला जे पैसे गेले, तेवढ्यात गावाला पुरतील इतके खराटे आले असते! हे काही आमच्याच गल्लीचे पाप नाही. २००४ च्या अखेरीस त्सुनामी आली, तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही जुन्या कपड्यांचे असेच ढीग रस्त्याकडेला पडले होते. आपले कपाट रिकामे करणे आणि दुसऱ्याची गरज भागवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आपण दुसरीचे नाव देतो, आणि समाधानाने घरी येऊन जेवतो.

त्या बाईंच्या एका वाक्याने आम्हांला जे शिकवले, ते तीन शब्दांत सांगता येते : विचारून द्यावे, मिळून द्यावे, मागाहून द्यावे. यांतल्या एकाही गोष्टीला श्रीमंती लागत नाही. किंबहुना तिन्ही गोष्टी थोडक्या ऐपतीच्या माणसाला अधिक चांगल्या साधतात.

पहिली गोष्ट, विचारून देणे. आपत्तीचे दिवस सारखे नसतात. अगदी पहिले एक-दोन दिवस जीव वाचवण्याचे. ते काम नावा, दोर आणि शिक्षण असलेल्या माणसांचे. तेथे आपला नुसता उत्साह उपयोगी नाही. तो घातकही होतो. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढताना नाव उलटली आणि सतरा जण गेले. गावाने गावाला वाचवण्याची धडपड होती ती. तिला कोण नावे ठेवील? पण त्या दुःखातून एवढे शिकले पाहिजे की, पट्टीच्या माणसावाचून पुराच्या पाण्यात उतरू नये, आणि नावेत तिला पेलतील तेवढीच माणसे बसवावीत.

त्यानंतरचे पंधरा दिवस हातांचे. गाळ काढणे, भांडी-कुंडी धुणे, मेलेली जनावरे हलवणे, विहिरीचे पाणी उपसून तीत टीसीएल टाकणे. येथे खिशात दमडी नसलेला कॉलेजचा मुलगा शेठजीला भारी ठरतो. मात्र जाताना आपली भाकरी आपण बांधून न्यावी, रात्री गावावर मुक्कामाचा भार टाकू नये, पायात गमबूट घालावेत, अंगावर जखम असेल तर गाळात उतरू नये, आणि वायरमनने पाहिल्याखेरीज घरातल्या विजेच्या बटणाला हात लावू नये. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण मदतीला गेलेला माणूस स्वतःच आजारी पडला, तर गावाला आणखी एक रोगी सांभाळावा लागतो.

विचारले म्हणजे अशा वस्तूंची नावे कळतात की, ज्या आपल्या मनातही येत नाहीत. बिस्किटांचे पुडे सगळे आणतात. पण म्हाताऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या वाहून गेल्या आहेत, हे कोण विचारतो? तरण्या मुलींना महिन्याच्या अडचणीचे साहित्य लागते, ते पुरुषांच्या टेंपोत नसते. गाईला वैरण लागते. शाळेच्या पोराला त्याच्याच इयत्तेची पुस्तके लागतात. तेव्हा निघण्यापूर्वी त्या गावातल्या एका विश्वासाच्या माणसाला फोन करावा : शिक्षक, आशाताई, दूधसंस्थेचा सचिव, कोणीही. दोन रुपयांचे ते बोलणे दोन हजारांचा अपव्यय वाचवते.

आता दुसरी गोष्ट, मिळून देणे. आपल्या शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याच्या रानात साऱ्या गावाने औते घालायची, ही इर्जिक. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येतो, ही सावड. आपल्या खालच्या अंगाला तिलाच पैरा म्हणतात. यांत कोणी दाता नाही आणि कोणी याचक नाही. शहरात आल्यावर आपण बँकेत खाते उघडले आणि सावड विसरलो.

थोडक्यातून मोठे कसे उभे राहते, याची उदाहरणे आपल्याच अंगणात आहेत. अंताजीपंत काळ्यांनी महाराष्ट्रापुढे कल्पना मांडली की, प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. लोक हसले असतील. पण त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ती आपल्या साताऱ्यात आणली. त्याही आधी मिरज तालुक्यात दुधगावी मुलांचा आश्रम चालवण्यासाठी भाऊरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरच्या मूठमूठ धान्याचा मार्ग धरला होता. दळण घालताना गृहिणीने एक मूठ बाजूला टाकायची, एवढेच. मुठीने घरातला कोणी उपाशी राहत नाही, पण मुठी एकत्र आल्या की कोणाचे तरी पोर शिकते. आणि ज्या घरातून हे कार्य चालले, त्या घरच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्रसुद्धा मोडले. तो त्याग आपल्याला जमणार नाही. पण मूठ तर जमेल?

येथे सावधगिरीचा एक शब्द सांगितला पाहिजे. आजकाल फोनवर मदतीचे आवाहन येते, आणि त्याखालच्या खात्यावर क्षणात पैसे जातात. आवाहन कोणी केले, खाते कोणाचे, हिशेब कोठे मिळणार, हे पाहिल्यावाचून पैसे पाठवू नयेत. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, ज्यांचा हिशेब आपण पाहिला आहे अशा संस्था आहेत. गरिबाचे पन्नास रुपये बुडाले तर पैसे तर जातातच, वर पुढच्या वेळी देण्याची श्रद्धाही जाते.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : मागाहून देणे. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यावर टेंपोंची रांग असते. छायाचित्रे निघतात. गणपती येतात, नवरात्र येते, आणि रस्ता मोकळा होतो. खरी वाताहत त्यानंतर सुरू होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली, तेव्हा साऱ्या देशातून मदतीचा लोंढा आला. पण शांतिलाल मुथा यांनी आणि भारतीय जैन संघटनेने निराळा विचार केला. त्यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ब्लँकेट एका दिवसात देऊन होते; मुलगा शिकवायचा तर वर्षे लागतात. सगळ्यांना १२०० मुले आणता येणार नाहीत. पण एका मुलाच्या वह्या-पुस्तकांचे वर्ष कोणत्याही गल्लीला पेलेल.

मागाहून करायच्या कामांत आमच्यासारख्या कारकून-मास्तरांना शोभणारे एक काम आहे, ते लेखणीचे. पूर ओसरल्यावर पंचनामे होतात, अर्ज भरायचे असतात, भिजलेले रेशनकार्ड, पासबुक, शाळेचा दाखला यांच्या नकला काढायच्या असतात. ज्याच्या घराची भिंत पडली आहे, त्याला तहसील कचेरीच्या खिडकीवर उभे राहणे किती जड जाते! तेथे एक पेन आणि एक शांत डोके घेऊन बसावे. ओल्या कागदांची पाने ओढून सुटी करू नयेत, ती उन्हात टाकू नयेत. कोऱ्या कागदांत ठेवून सावलीत वाळवावीत. याला पैसा लागत नाही.

त्या बाईंच्या दारी आम्ही दुसऱ्या खेपेस गेलो, ते खोरी, घमेली, खराटे आणि एक पेन घेऊन. त्यांचा अर्ज लिहिताना सहज विचारले, "आणखी काय गेले?" तेव्हा त्या म्हणाल्या की, शिलाईचे मशीन गाळात गेले, आणि आता त्या दुसऱ्याच्या रानात भांगलायला जातात. घराची नोंद झाली होती. पण घर ज्याच्यावर चालत होते, ते मशीन अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

साताऱ्यात परतल्यावर गल्लीच्या अठरा घरांनी ठरवले की, दरमहा प्रत्येकी पन्नास रुपये एका डब्यात टाकायचे. तीन महिने नियमाने नऊशे रुपये जमले. चौथ्या महिन्यात पाच घरे गळाली आणि साडेसहाशेच आले. आम्ही त्यांना दोष देत नाही. कोणाकडे लग्न होते, कोणाकडे दुखणे. डिसेंबरात डब्यात ३३५० रुपये होते. त्यांतून ३२०० रुपयांचे एक जुने, पण दुरुस्त केलेले मशीन घेतले आणि पोहोचते केले. पूर येऊन चार महिने झाले होते. बाईंनी मशीनवर हळदकुंकू वाहिले आणि म्हणाल्या, "आता कोन येतंय गुरुजी? तुमी आलासा." आम्ही त्या गावी नेलेल्या टेंपोभर कपड्यांबद्दल कोणी असे म्हटले नव्हते.

गोष्ट येथे संपत नाही. पुढच्या मार्चात करोनाची टाळेबंदी आली. आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याची रिक्षा दारात उभी राहिली. एकाही महिन्याचे पन्नास रुपये न चुकवलेला तो माणूस. डब्यात मागचे दीडशे आणि जानेवारी-फेब्रुवारीचे तेराशे, असे १४५० रुपये होते. ते त्याच्या घरच्या किराण्याला दिले. तो घेईना. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी त्याला ऐकवले, "भाऊ, यातले चारशे-पाचशे तुमचेच आहेत म्हणा आणि गप्प घ्या." हिशेबाने त्याचे तीनशेच होते, पण अशा वेळी गणित चुकलेले बरे असते!

आता एक आक्षेप उरतो. कोणी म्हणेल, हे सगळे सरकारचे काम आहे; तुमच्या डब्याने काय होणार? आम्ही हे नाकारत नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पाणी संपले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. हे वर्गणीने होत नाही. पुलाची उंची, धरणाचा विसर्ग, पूररेषेतली बांधकामे, डोंगराखालच्या वस्त्यांचे पुनर्वसन, यांचा जाब सरकारलाच विचारला पाहिजे, आणि आपल्या डब्याच्या समाधानात तो विचारायचे विसरता कामा नये. पण सरकार नियमाने देते, आणि नियमाला रकाने असतात. रकान्याबाहेर जे राहते, ते शेजाऱ्याला दिसते. तेवढ्यापुरता तरी शेजारी हवा.

तेव्हा ज्येष्ठ लागण्यापूर्वी, नदी कोरडी आहे तोवर, प्रत्येक गल्लीने तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. एक डबा ठेवावा, आणि त्याचा हिशेब सर्वांना दिसेल असा भिंतीवर लावावा. आपल्यात वायरमन कोण, परिचारिका कोण, अर्ज लिहिणारा कोण, गाडी चालवणारा कोण, याची यादी करावी. आणि नदीच्या खालच्या अंगाला किंवा डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका गावाशी ओळख करून ठेवावी. ओळखीच्या घरी कोणी फाटका परकर पाठवत नाही.

पुढच्या वेळी मदतफेरी दारी येईल, तेव्हा पन्नासाची नोट लाजत देऊ नका. ती देताना एवढेच विचारा की, हे कोठे जाणार, कोणाबरोबर जाणार आणि चार महिन्यांनी तुम्ही पुन्हा येणार का? चार महिन्यांनी ते आले नाहीत, तर आपण त्यांच्याकडे जावे.